वीस किलो आणि थोडं

मुलीचा फोन आला तेव्हा तिच्याकडे बुधवारची रात्र होती आणि माझ्याकडे गुरुवारची सकाळ. तारीख 27 नोव्हेंबर 2025. न्यू जर्सीतल्या तिच्या घरात दुसऱ्या दिवशीच्या जेवणाची तयारी चालली होती, मागे मिक्सर फिरत होता. अमेरिकेत नोव्हेंबरातला चौथा गुरुवार म्हणजे थँक्सगिव्हिंग. सुट्टी, भरलेली टर्की, लाल भोपळ्याचं काहीतरी गोड. ती टर्की करत नाही. भरली वांगी करते आणि शेजाऱ्यांना खायला लावते. नातवाने शाळेतून कागदाचं एक झाड करून आणलं होतं. घरातल्या प्रत्येकाने एकेका कागदी पानावर लिहायचं की आपण कशाबद्दल कृतज्ञ आहोत, आणि ते पान फांदीला चिकटवायचं. त्याच्या शाळेने गरजूंसाठी डबाबंद अन्न गोळा केलं होतं. याने मक्याचे दोन डबे नेऊन दिले होते.

"नाना, तुमच्यासाठी एक पान ठेवलंय. काय लिहू?"

मी म्हणालो, "सांगतो उद्या."

त्याच दिवशी आमच्या घरी मार्गशीर्षातला पहिला गुरुवार होता. बायकोने चौरंग मांडला, कलशात पाच प्रकारच्या डहाळ्या ठेवल्या, आणि संध्याकाळी दिवा लावून पोथी काढली. राजा भद्रश्रवा, राणी सुरतचंद्रिका. वैभव आल्यावर राणी विसरते की हे आपल्याला कुणीतरी दिलं आहे, आणि दारात आलेल्या म्हातारीला हाकलून देते. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. मी दरवर्षी अर्धवट झोपेत ऐकतो. यंदा जागा होतो. माणसाला आठवण करून द्यायला एक वार लागतो, आणि दोन्ही देशांत तो योगायोगाने गुरुवार निघाला, एवढंच मनात आलं. पानावर काय लिहायचं ते काही सुचलं नाही.

अडचण शब्दापासूनच आहे. मराठीत आभार मानतात आणि धन्यवाद देतात. धन्यवाद देऊन टाकता येतात, हात झटकून मोकळं होता येतं. आभार मानावे लागतात, आणि त्या शब्दाच्या पोटातच भार आहे. बाकीचे शब्द तर आणखी सरळ: ऋण फेडायचं, उपकार फेडायचे, नवस फेडायचा. सगळी भाषा सावकाराच्या वहीतली. माझ्या लहानपणी आमच्या खानदेशी घरात 'धन्यवाद' हा शब्द मी फक्त सभेच्या शेवटी माइकवरून ऐकला आहे. घरात कुणी कुणाला म्हणत नसे. म्हटलं असतं तर समोरच्याला वाटलं असतं, हा आता उठून चालला वाटतं.

नवसाला आमच्याकडे मानता म्हणतात. माझ्या नावावर एक मानता होती, सारंगखेड्याच्या दत्ताला. कागदाच्या पानावर लिहायला काही नाही म्हणणाऱ्या माणसाने निदान तिथे तरी जाऊन यावं, असं ठरवून पुढच्या गुरुवारी, 4 डिसेंबरला, दत्तजयंतीच्या दिवशी मी दोंडाईच्याहून बस पकडली.

सारंगखेडा तापीच्या उत्तर काठावर. शहादा तालुका, नंदुरबार जिल्हा. 1 जुलै 1998 पर्यंत हा सगळा मुलूख धुळे जिल्ह्यातच होता आणि माझ्या वयाची माणसं अजून बोलताना चुकतात. पुलावरून नदी भरलेली दिसते. बंधाऱ्याचं पाणी अडवलेलं, सपाट, हलत नाही असं वाटणारं. मी लहानपणी पाहिलेली मार्गशीर्षातली तापी अशी नव्हती. वाळूचे पट्टे उघडे पडलेले असायचे, मधून दोन-तीन धारा वाहायच्या, आणि थोडे दिवस गेले की त्याच वाळूत खड्डे करून डांगर-टरबुजाच्या वाड्या लावायची तयारी सुरू व्हायची. आमच्या गावाखालच्या उताराने बैलगाड्या पाण्यात घालून लोक यात्रेला जायचे. बैल मध्येच थांबून पाणी प्यायचे आणि मागची सगळी रांग खोळंबायची.

यात्रा तीनशे वर्षांहून जुनी आहे असं सांगतात आणि नाव घोड्यांचं आहे. मारवाड, काठियावाड, पंजाब, उत्तर प्रदेश, सगळीकडून घोडे येतात. कान आत वळून टोकाला टोक लागलेले मारवाडी, पांढरे स्वच्छ नुकरे, चार पाय आणि कपाळ पांढरं असलेले पंचकल्याणी. भोवरा कुठे आहे ते बघणारे जाणकार घोड्याभोवती तोंडातून शब्द न काढता फिरतात. वाईट जागी भोवरा असला की लाखाचा घोडा हजारांवर येतो. गेल्या काही वर्षांत पर्यटन खात्याचा चेतक फेस्टिवल आला, तंबूंची वसाहत आली, घोड्यांचे नाच आणि शर्यती आल्या. वर्तमानपत्रांत दरवर्षी एकच बातमी असते: अमुक घोड्याची किंमत इतके लाख. मागच्या बाजूला अजूनही औजारं, बैलांचे साज, घुंगुरमाळा, घोंगड्या, गोडीशेव आणि रेवड्यांचे ढीग असतात. ती बातमी होत नाही. मंदिरातला तराजूही बातमी होत नाही.

यात्रा घोड्यांची म्हणतात, पण तिचं कारण मंदिरात आहे. हा दत्त एकमुखी. तीन शिरांचा, सहा हातांचा, गाई-कुत्र्यांचा परिवार घेऊन उभा राहिलेला दत्त आपल्या डोळ्यांपुढे असतो; महानुभावांचा दत्तात्रेय एका मुखाचा. कृष्ण, दत्तात्रेय, चांगदेव राऊळ, गोविंदप्रभू आणि चक्रधर या पंचकृष्णांतला तो. इथे नमस्कार म्हणत नाहीत, दंडवत म्हणतात. तेराव्या शतकात चक्रधरांनी आपल्या माणसांना सांगितलं ते फार कडक होतं. ओळखीच्या मुलखापासून दूर जावं, झाडाखाली राहावं, भिक्षा मागून खावं, आणि जिथे आपल्याला कुणी ओळखत नाही तिथे असावं. माझा अंदाज असा की त्या सांगण्यात देणाऱ्या-घेणाऱ्याच्या नात्याचाही बंदोबस्त होता. ओळखीच्या घरी भिक्षा मागितली की घास मोठा होतो, आणि त्याबरोबर मिंधेपणही. अनोळखी दारात कोरभर भाकरी पडली, पुढे चालू लागलं. देणाऱ्याने नाव विचारलं नाही, घेणाऱ्याने आशीर्वादाचं बिल फाडलं नाही.

अशा पंथाच्या दारात आज गुळाच्या भेल्यांची रास लागते, ही गंमत मला लहानपणी कळली नव्हती.

गूळच का, याचं उत्तर शिवारात होतं. मार्गशीर्ष म्हणजे सुगी. ज्वारी खळ्यात, कापूस घरात, तूर हिरवी, मिरची लाल होऊन पथारीवर पसरलेली, आणि गुऱ्हाळं नुकती पेटलेली. भेंडीच्या झाडाचा चीक घालून रसातली मळी वर काढायची, काहील उतरवायची, साच्यात ओतायचं. शहाद्याजवळ पुरुषोत्तमनगरला सातपुडा साखर कारखाना निघाला आणि पुढे ऊस तिकडे जाऊ लागला. गुऱ्हाळं कमी झाली. पण मानता गुळाचीच राहिली. लोक केळी, पेढे, साखर, नारळ यांनीही तुला करतात. आमच्या घराची ऐपत गुळापर्यंत.

तुलेचा इतिहास तसा राजांचा आणि धनिकांचा. पुण्याजवळचं तुळापूर त्यावरूनच नाव घेऊन बसलं आहे: 1633 मध्ये मुरार जगदेवाने भीमा-इंद्रायणीच्या संगमावर तुला केल्या आणि हत्तीही तोलला, म्हणतात. हत्ती नावेत चढवायचा, पाणी नावेच्या काठाला कुठवर येतं तिथे खूण करायची, हत्ती उतरवून तेवढीच नाव बुडेपर्यंत दगड भरायचे आणि दगड तोलायचे. ही युक्ती शहाजीराजांची असं सांगतात. आगाखानांना मुंबईत 1936 साली सोन्याने आणि 1946 साली हिऱ्यांनी तोललं होतं. या सगळ्यांना आपलं वजन जगाला दाखवायचं होतं. गुळाच्या तुलेत बसणारं पोर असतं, ते रडत असतं, आणि त्याच्या आजीला त्याचं वजन कमी भरलं तर हवंच असतं.

माझी गोष्ट अशी. 1968 च्या कार्तिकात मी तीन वर्षांचा होतो आणि मुदतीच्या तापाने जायला निघालो होतो. मोठी माय, म्हणजे माझी आजी, अंगणात जाऊन उत्तरेकडे, नदीपलीकडे तोंड करून उभी राहिली आणि म्हणाली, पोर वाचव, पोराएवढा गूळ देईन. मी वाचलो. त्या वेळी माझं वजन अकराएक किलो असावं. दुसऱ्याच वर्षी फेडून टाकलं असतं तर तीन भेल्यांत भागलं असतं. पण त्या वर्षी आत्याचं लग्न निघालं, पुढच्या वर्षी बैल गेला, आणि 1970 नंतर पावसाने जी पाठ फिरवली ती 1973 पर्यंत. इकडे दुष्काळ आणि तिकडे मी वाढतोय. जेवायला बसलो की मोठी माय माझ्याकडे अर्ध्या कौतुकाने आणि अर्ध्या काळजीने बघायची. एकदा हसत म्हणाली,

"तुनं वजन वाढनं, तसं मनं देनं वाढनं."

चक्रवाढ व्याजाचा अर्थ मला शाळेत शिकवावा लागला नाही.

त्या दुष्काळात आम्ही मिलो खाल्ला. लाल ज्वारी, रेशनच्या दुकानातली. तिची भाकरी तव्यावर टाकली की चिरायची, खाल्ली की घशात अडकायची, आणि घरोघर बायका तिला शिव्या घालत थापायच्या. ती अमेरिकेतून आली आहे एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. तिकडे ती जनावरांना घालतात, हेही प्रत्येकजण सांगायचा. रस्त्याच्या कामांवर, तलावांच्या कामांवर माणसं खडी फोडत होती आणि पोरांना सुकडी वाटत होते. त्या मिलोने त्या वर्षी महाराष्ट्रात किती जणांचा जीव धरून ठेवला याचा हिशेब मी कुणाला प्रेमाने करताना ऐकलेलं नाही. उपाशी माणसाला धान्य दिलं तर तो जगतो. तो आभारी होईल असं नाही. मिळालेल्या धान्यात स्वतःची किंमतही त्याला दिसते, आणि ती त्याला पटत नाही. मुलीला फोनवर हे सांगायला हवं होतं: तुझ्या बापाच्या हाडांत थोडी अमेरिकेची ज्वारी आहे, आणि त्याने पन्नास वर्षांत एकदाही थँक्यू म्हटलेलं नाही.

1973 ला पाऊस झाला. ज्वारी माणसाच्या डोक्यावर गेली. त्या वर्षीच्या दत्तजयंतीला आमची गाडी उतारावरून पाण्यात उतरली तेव्हा तीत पाच-पाच किलोच्या चार भेल्या होत्या, गोणपाटात गुंडाळलेल्या, आणि मी होतो, आठ वर्षांचा. गाडी हाकत होते आमचे सालदार.

खानदेशात सालदार आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ठरतो. वर्षाची बोली, इतके पैसे, इतकी ज्वारी, धोतर, जोडा. आमचे सालदार भिल्ल होते, गावाच्या कडेला भिलाटीत राहायचे, आणि मी त्यांना मामा म्हणायचो. घरातले बाकी सगळे त्यांना अरे-तुरे करायचे, माझ्याहून चार वर्षांनी मोठा भाऊसुद्धा. आज मी 'ते' लिहितो आहे. फार उशिरा लिहितो आहे.

मोठी माय मानतेची गोष्ट सांगायची तेव्हा त्यात दोनच माणसं असायची: ती आणि दत्त. आत्या सांगायची ती गोष्ट वेगळी होती. तिच्या गोष्टीत मोठी माय अंगणात उभी असते तेव्हा मामा मला घोंगडीत गुंडाळून खांद्यावर टाकतात आणि नदीकडे निघतात. कार्तिकातलं पाणी, उतारावर कमरेच्या वर. रात्र. मागे माझे वडील कंदील घेऊन. पलीकडच्या काठावर पोचल्यावर वडिलांनी म्हटलं, आता मी घेतो. मामा म्हणाले, ओल्या हातांनी नको, पोर गार होईल. आणि तसेच शहाद्याच्या वाटेने चालत राहिले, मिळेल ते वाहन मिळेपर्यंत. डॉक्टरने काय सुई दिली ते आत्याला माहीत नव्हतं. मामांची घोंगडी भिजली नव्हती, हे माहीत होतं.

मोठी माय खोटं बोलत नव्हती. तिच्या दृष्टीने मामा हे घरातलेच होते, बैलांसारखे, नदीसारखे. घरातल्याचे कोण आभार मानतं? कृतघ्नपणा वाईट, हे आपण पोथीतून शिकतो. तो आपुलकीच्या रूपाने घरात येऊन बसतो, हे पोथीत नसतं.

त्या दत्तजयंतीला मंदिराजवळ तराजू टांगलेला होता. लोखंडी दांडी, जाड साखळ्या, लाकडी फळ्यांची पारडी. घरून निघताना काका म्हणाला होता, पोराला आज उपाशी ठेवा, अर्धा किलो वाचेल. मोठ्या मायने उलट दोन भाकरी दुधात कुस्करून बळजबरीने खायला घातल्या. देवाशी लबाडी नको. मला पारड्यात बसवलं. समोर एक भेली पडली, मी हललो नाही. दुसरी पडली. तिसरीला पारडं थरथरलं. चौथी पडली तेव्हा मी उचलला गेलो, वर आलो, आणि दांडी जवळजवळ सरळ होऊन थांबली. जवळजवळ. माझं पारडं अंगठाभर खालीच होतं.

तुला सरळ राहून चालत नाही. देवाचं पारडं झुकावं लागतं. मोठ्या मायने कमरेची पिशवी चाचपली, आत्याने नारळ ठेवू का विचारलं, मोठी माय म्हणाली नाही, गूळ बोललेय, गूळच. वडील दुकान शोधायला वळले. मागे दुसऱ्या पोराची आई पोराला कडेवर घेऊन घाई करत होती. तेवढ्यात मामांनी आपल्या पटक्याच्या पदराची गाठ सोडली. त्यांनी सकाळीच यात्रेतून घरी न्यायला गूळ घेतला होता, कागदात. तो कागद उघडून त्यांनी खडा चौथ्या भेलीवर ठेवला.

पारडं खाली गेलं. लोकांनी जयघोष केला. मी वर, हवेत, पाय हलवत.

इथे रुक्मिणीच्या तुळशीपानाची गोष्ट कुणालाही आठवेल. सत्यभामेचे दागिने हरले आणि एक पान जिंकलं. कृपा करून ती आठवू नका. तुळशीपान फुकट मिळतं. तो गूळ होता, रोख पैसे देऊन घेतलेला, त्या वर्षीच्या सालदाराच्या कमाईतला, आणि घरी त्याची वाट बघणारी तीन पोरं होती. तो देवाला गेला. चार भेल्यांबरोबर फोडला गेला आणि प्रसाद म्हणून वाटला गेला. माझ्या वाट्याला आलेला तुकडा मी चोखत होतो. परतताना गाडीत मोठी माय समाधानाने म्हणाली, फिटलं. मामांचा खडा त्यांना परत घेऊन द्यावा, असं कुणाच्या मनात आलं नाही. मला खात्री आहे की मामांच्याही आलं नाही. आणि हीच गोष्ट मला आज जास्त टोचते.

ते साल साधं नव्हतं. शहादा तालुक्यात तेव्हा सालदार, मजूर, जमिनी गेलेले भिल्ल उभे राहत होते. अंबरसिंग सुरतवंती नावाचा भिल्ल तरुण भजनी मंडळांपासून सुरुवात करून ग्रामस्वराज्य समितीपर्यंत आला होता. 30 जानेवारी 1972 ला शहाद्याला भूमुक्ती मेळावा झाला, त्याच वर्षी श्रमिक संघटना निघाली. मागण्या ऐकल्या तर आज हसू येईल इतक्या साध्या: किमान मजुरी, सालदाराला सुट्टी, सावकाराकडे आणि मोठ्या शेतकऱ्याकडे गेलेली जमीन परत. 1974 मध्ये अंबरसिंग तरुण वयात गेले. त्याच सालच्या नावाने आदिवासींच्या जमिनी त्यांना परत देण्याचा कायदा महाराष्ट्रात झाला. कायद्याच्या नावात शब्द आहे तो परत करण्याचा. आमच्या ओसरीवर तेव्हा जी चर्चा चालायची तीत मात्र वेगळाच सूर होता: आपण यांना काय कमी केलं? सणाला कापड देतो, खळ्यावर आला की सूपभर ज्वारी देतो, पोरं आजारी पडली की पैसे देतो. सगळं खरं होतं. खळ्यावर आलेल्याला आमच्या आजोबांनी कधी रिकाम्या हाताने पाठवलं नाही, हे गाव सांगेल. मजुरी वाढवा म्हटल्यावर मात्र त्यांनी सांगितलं, परवडत नाही. सूपभर ज्वारी परवडत होती, कारण ती देताना हात वर राहत होता.

याच जुन्या धुळे जिल्ह्याच्या तुरुंगात 1932 साली विनोबा गीतेवर बोलले आणि साने गुरुजींनी ते उतरवून घेतलं. पुढे 18 एप्रिल 1951 ला पोचमपल्लीला भूदान सुरू झालं तेव्हा विनोबा दान या शब्दाचा अर्थ सांगताना तो देण्यावरून काढून वाटून घेण्यावर नेत असत. ते शंकराचार्यांचा आधार द्यायचे. शब्द सुधारला. जमिनी किती सुधारल्या, हा वेगळा विषय.

अमेरिकेतला तो गुरुवारही फार वेगळा नाही, असं नातवाचं झाड पाहिल्यावर मी वाचत गेलो तेव्हा दिसलं. 1621 च्या सुगीत प्लिमथला इंग्रज वसाहतवाले आणि वांपानोआग लोक तीन दिवस एकत्र जेवले. मका कसा लावायचा हे या परक्यांना तिथल्याच माणसाने शिकवलं होतं. पुढे लिंकनने 1863 मध्ये, यादवी युद्ध चालू असताना, तो दिवस देशभर पाळायला सांगितला. मका शिकवणाऱ्यांच्या जमिनींचं काय झालं ते सगळं जग जाणतं. 1970 पासून त्यांचे वंशज त्याच गुरुवारी प्लिमथला जमतात आणि शोक पाळतात. एकाच दिवशी एका टेबलावर आभार आणि काही मैलांवर सुतक. ज्याच्या खांद्यावरून नदी ओलांडली त्याला सोडून वर आकाशाकडे बघून हात जोडायचे, ही सवय आमच्या मोठ्या मायचीच नव्हती.

4 डिसेंबरला मी मंदिरात गेलो, दंडवत घातलं. तराजू होता, साखळ्यांच्या जागी नायलॉनची जाड दोरी. एका पोराची तुला चालली होती, ते फुगा मागत होतं आणि त्याची आजी फोनवर कुणाला तरी चित्र दाखवत होती. मी थोडा वेळ पारड्याकडे बघत थांबलो. दांडी एका दमात झुकली. मग बाहेर येऊन पाच किलोची एक भेली घेतली. दुकानदाराने विचारलं, "तुला?" मी म्हटलं, "नाही, घरी."

आमच्या गावची भिलाटी आता तशी राहिली नाही. घरं पक्की आहेत, दोन-तीन दारांत मोटारसायकली, एका दारात पपईच्या फेऱ्या मारणारी पिकअप. मामा जाऊन वीस वर्षं झाली. ती पिकअप त्यांच्या नातवाची. तो घरी नव्हता, सून होती, म्हणजे मामांची सून, माझ्याहून थोडी लहान. तिने ओळखलं. बसायला खाट टाकली, पाणी आणलं, चहा ठेवला. मी पिशवी पुढे केली. पिशवी जड होती, तिने दोन्ही हातांनी घेतली आणि आत बघितलं.

"काका, गूळ कशाचा? काही कार्य होतं का घरी?"

मला सांगता आलं नाही. बावन्न वर्षांपूर्वीचा एक खडा, त्यावरचं व्याज, असं काही बोलायचं ठरवून गेलो होतो. त्या अंगणात ते फार शहाणं वाटलं असतं. म्हटलं, "यात्रेला गेलो होतो."

"एवढा?"

"घरात माणसं आहेत ना."

ती हसली. चहात तिने त्याच गुळाचा खडा फोडून टाकला. चहा झाला, पोरांच्या नोकऱ्या झाल्या, कापसाचा भाव झाला. मामांचं नाव निघालं ते तिनेच काढलं, आणि तेही एवढंच की म्हातारपणी त्यांना गोड फार लागायचं. मी उठलो तेव्हा ती म्हणाली, थांबा, पिशवी रिकामी कशी नेता. मी नको नको म्हणत राहिलो. ती मागच्या दाराने वाड्यात गेली.

रात्री मुलीचा फोन आला. झाड अजून भिंतीवर होतं, माझं पान अजून कोरं. मी म्हटलं, राहू दे तसंच. तिने विचारलं, काय करताय? मी खरं तेच सांगितलं. स्वयंपाकघरात बसून तुरीच्या ओल्या शेंगा सोलत होतो. दोन-अडीच किलो तरी असतील.